माले बी सांगानं नही

माझा आवाज मला मागे ठेवून एकटाच गावोगाव फिरायला लागला, तो एका हिवाळ्यात. तोवर तो म्हसावद या माझ्या गावाच्या आसपासच असायचा. मी इथल्या एका शाळेत मराठी शिकवते आणि लग्नं, स्नेहसंमेलनं, गणपतीतले कार्यक्रम यांचं निवेदन करते. हातात माइक आला की माझी भीती जाते, एवढीच काय ती माझी कला.

शाळेच्या बक्षीस समारंभाला त्या वर्षी पाहुण्या म्हणून कर कार्यालयातल्या एक अधिकारी बाई आल्या होत्या. वऱ्हाडातून बदलून आलेल्या, तरुण, थोड्या अबोल. आभार मानताना मी नेहमीप्रमाणे मधेच अहिराणीवर गेले, कारण मागच्या रांगांतल्या आया-आज्या तेव्हाच खऱ्या ऐकायला लागतात. कार्यक्रम संपल्यावर बाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही भाषा बदललीत तेव्हा सगळ्या बायका एकदम पुढे सरकून बसल्या. मला हे हवंय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. कराची सगळी कामं आता मोबाइलवर आली होती. नोटीस मोबाइलवर, उत्तर मोबाइलवर. पण नोटीस आली की लोकांना वाटे, आता दारात पोलीस उभे राहणार. घाबरून ते आपला पासवर्ड कुणाच्याही हवाली करत. झेरॉक्सच्या दुकानात, पुतण्याला, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला. बाईंच्या मदत केंद्रानं एक नंबर सुरू केला होता. तो फिरवला की माहिती ऐकू यायची.

"पण कुणी पुरतं ऐकत नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ती माहिती मला ऐकवली. 'सदर सूचना प्राप्त झालेल्या करदात्यांनी विहित मुदतीत' असं एक वाक्य सुरू झालं आणि ते कुठे संपलं ते माझ्या लक्षात आलं नाही. मी बाहेर बघत राहिले होते. मैदानावर धुळीचा सोनेरी पडदा लोंबत होता आणि मुलं त्याच्या आत-बाहेर पळत होती.

"मी बोलेन," मी म्हटलं, "पण शब्द माझे पाहिजेत."

"शब्द तुमचे. अर्थ मात्र मी तपासणार."

खरं तर शब्द माझेही नव्हते, माझ्या फुईचे होते. फुई म्हणजे माझी आत्या. तिचे यजमान मास्तर होते. ते गेल्यापासून पेन्शन, बँक, कर, सगळं ती एकटी बघते. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती ओसरीवर मिरचीची देठं खुडत बसली होती. भोवती लाल मिरचीचा ढीग, आणि त्या ढिगाचा तांबूस उजेड तिच्या हनुवटीवर पडलेला. मी सरकारी मजकूर वाचायला लागले. प्रत्येक शब्दाला ती म्हणायची, "म्हंजे काय?" मी सांगायची. ती थोडा वेळ खुडत राहायची आणि मग तोच शब्द स्वतःच्या बोलीत माझ्याकडे परत करायची.

"ओळख प्रमाणित करण्यासाठी एकवेळचा सांकेतिक क्रमांक," मी वाचलं.

"म्हंजे काय?"

"म्हणजे फोन करणारी तूच आहेस, दुसरं कोणी नाही, हे त्यांना कळायला पाहिजे. म्हणून ते एक नंबर पाठवतात."

फुई देठ हातात धरून थांबली. मग म्हणाली, "तुम्ही तुम्हीच शेतस का, हाई देखासाठे येक नंबर येस."

मी तेच लिहून घेतलं. त्या दिवशी घरी परतताना केळीच्या बागांमधून रस्ता जात होता आणि मोठमोठी पानं अगदी हळू हलत होती. मला ते वाक्य सोडेना. तुम्ही तुम्हीच आहात का. जो प्रश्न एखाद्या साधूनं विचारावा, तो कर कार्यालय रोज हजारो माणसांना विचारत होतं, आणि माणसं चष्मा शोधत त्याचं उत्तर देत होती.

नोटिशीसाठीही फुईनं वाक्य दिलं. "नोटीस म्हंजे चिठी. चिठीमा काय लिखेल शे, ते पहिले वाचानं. घाबरानं काम नही." अधिकारी बाईंनी 'चिठी' या शब्दावर बराच विचार केला. नोटिशीला चिठ्ठी म्हणणं त्यांना जड जात होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "चुकीचं नाही. राहू द्या."

आवाज कुठे भरायचा हा प्रश्न होता. माझं घर रस्त्यावर. उसाचे ट्रॅक्टर दिवसभर गाणी लावून जातात. शाळेत पोरांचा गलका. तेव्हा माझी एक मैत्रीण मदतीला आली. ती तापीकाठच्या गुजर घरातली, आणि त्यांच्याकडे केळी पिकवायची थंड खोली आहे. भिंती जाड, दार फ्रिजसारखं रबर लावलेलं. एक लॉट गेला होता आणि दुसरा यायचा होता, म्हणून खोली रिकामी होती. पंखा बंद करून दार लावलं आणि जग एकदम दूर गेलं. कापसात बुडाल्यासारखं वाटलं. भिंतींना पिकल्या केळ्यांचा वास चिकटलेला होता. बाई कोपऱ्यात उपड्या क्रेटवर बसल्या होत्या, मांडीवर मजकूर, अंगावर मैत्रिणीची शाल. मी मोबाइल तोंडाजवळ धरला आणि समोर फुई बसलीय असं मनात आणून बोलायला लागले. मधे एकदा डोळे उघडले तर बाईंचे डोळेही मिटलेले होते. त्या ऐकत होत्या की झोपल्या होत्या, मी विचारलं नाही.

आणि मग केंद्राच्या त्या नंबरवरून आवाज निघाला. सुरुवातीला मला काहीच जाणवलं नाही. मग एका बाजारात मेथी घेताना भाजीवाली हात थांबवून म्हणाली, "बाई, तुम्ही त्या नोटीसवाल्या ना?" एका लग्नात नवरदेवाच्या काकांनी माझ्या आवाजावरून मला ओळखलं आणि पंगतीत माझ्या पानात आणखी एक जिलेबी आली. दुपारी शाळेतून येऊन मी पडले की मनात यायचं, आत्ता या क्षणी कुणीतरी तळोद्याला, कुणीतरी प्रकाशा गावच्या घाटाजवळ फोन कानाला लावून माझ्याशी बसलं असेल. मी झोपेत, आणि मी बोलतेही आहे. एकदा स्वप्नात मला माझा आवाज धुक्यातून तापीच्या काठानं चालताना दिसला. आवाज कसा दिसेल, पण दिसला. दारोदार थांबत होता. मला त्याचा हेवा वाटत होता.

अशात एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ दारात आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. ते शहाद्याकडच्या एका खेड्यातून बसनं आले होते.

"नोटीसवाली बाई आठेच ऱ्हास का?"

"मीच. या आबा, बसा."

ते बसले, पाणी प्यायले आणि डोळे मिटून म्हणाले, "काही बोल ना. आवाज आयकू दे."

"काय बोलू, आबा?"

"हां. तोच शे." त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला उगीच लाजल्यासारखं झालं. पिशवीतून मोबाइल काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. मिरचीचा व्यापार त्यांनी मुलाच्या हाती दिला होता, पण स्वतःच्या नावाचं कराचं काम स्वतःच करायचे. मुलगा सुरतेला गेला होता, आणि नोटीस आली होती. "मन्हा हात थरथरस," ते म्हणाले. "पासवर्ड तुले सांगस. तू टाकी दे."

"नाही आबा, थांबा—"

पण त्यांनी सांगून टाकला होता.

तो मी इथे लिहिणार नाही. एका बाईला लाडानं मारायची हाक होती ती. त्यांनी ती अशा आवाजात म्हटली की जणू अंगणात उभं राहून घरातल्या कुणाला तरी बोलावत होते. मग खाली बघून म्हणाले, "मन्ही बायको. तिले घरमा मीच तशी हाक मारू. आते कोणले मारू? मंग आठे टाकी दिधं."

शेजारच्या घरी कुणीतरी कपडे आपटत होतं.

"आबा," मी म्हटलं, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता पासवर्ड बदलावा लागेल."

"तुले सांगं तर काय व्हयनं? तू काय परकी शे?"

मला त्यांच्या बोलीतच उत्तर द्यावंसं वाटलं. "परकीच शे, आबा. तुमना मन्हा काय संबंध? आवाज तेवढा वळखीना शे."

त्यांना ते लागलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या काठावरून बोट फिरवत राहिले. मग विचारलं, "म्हंजे नाव काढी टाकानं?"

"नाव तुमच्यापाशीच राहील. कुलूप तेवढं बदलायचं."

"नावनं कुलूप करं," ते स्वतःशीच म्हणाले. "तेच चुकनं."

मग आम्ही ते काम सुरू केलं. मोबाइलवर नंबर आला. "हाऊ देख, उना," म्हणत त्यांनी फोन माझ्या डोळ्यांपुढे धरला. मी मान वळवली. "मला दाखवू नका. तुम्हीच टाका. चष्मा लावा." मी खुर्ची उचलून खिडकीकडे तोंड करून बसले. मागे त्यांचं एक-एक बटण दाबणं ऐकू येत होतं आणि प्रत्येक अक्षर ते मोठ्यानं म्हणत होते.

"मनात म्हणा, आबा."

"मनमा म्हनं तर चुकी जास."

"मग मी कान झाकते." आणि मी खरोखरच दोन्ही कानांवर हात ठेवले. कान झाकले की आत समुद्रासारखा आवाज येतो. खिडकीबाहेर कडुनिंबाची पिवळी पानं गळत होती, एकही घाईत नव्हतं. मला वाटलं, कधीतरी लहानपणी मी अशीच बसले असेन, लपाछपीत, कुणीतरी लपेपर्यंत. किती वेळ गेला कोण जाणे. आबांनी खांद्याला हात लावला तेव्हा मी दचकले.

"व्हई गयं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

नोटीस उघडली. इंग्रजीत लांबलचक मजकूर होता. मी तो सावकाश वाचला आणि पुन्हा वाचला. त्यात एवढंच होतं की त्यांनी भरलेलं विवरण मिळालं, तपासलं, ठीक आहे.

"काही करायचं नाही, आबा. सगळं बरोबर आहे, एवढंच कळवलंय."

"काहीच करानं नही?"

"काहीच नाही."

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. चिठी आल्यापासून त्यांना धड झोप नव्हती. "मंग पहिलेच तसं काबर नही लिखं?" त्यांनी विचारलं. त्यांच्या स्वरात राग नव्हता. जाताना उंबऱ्यावर चप्पल घालता घालता ते म्हणाले, "आते घरमाच हाक मारसू." ते माझ्याशी बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी अधिकारी बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, ती हाक सोडून. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"लोक विश्वास ठेवतात म्हणून आपण खूश होतो, ताई," त्या म्हणाल्या. "आणि त्याच विश्वासानं ते किल्ली तुमच्या हातात ठेवून गेले. उद्या तुमच्यासारखं गोड बोलणारं दुसरं कोणी आलं तर?"

"मग मी जरा रागानं बोलू का?"

त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "नको. असंच बोला. फक्त तुमच्या आवाजानंच सांगू द्या, की मलाही सांगू नका."

आबांचा तो प्रश्नही मी त्यांच्यापुढे ठेवला होता. पहिलेच तसं का नाही लिहिलं. त्यांनी तो कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवला. मूळ नोटीस बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी वर कळवलं आणि वाट पाहिली. पण आपल्या केंद्रापुरतं त्यांनी ठरवलं की कुणी नोटीस घेऊन आलं की आधी एकच वाक्य साध्या मराठीत सांगायचं: तुम्हाला काही करायचं आहे, किंवा काही करायचं नाही. बाकी सगळं नंतर. आणि केंद्रातल्या खुर्च्या त्यांनी अशा मांडल्या की पासवर्ड टाकताना मदत करणाऱ्याचं तोंड भिंतीकडे होईल. मी नंतर एकदा गेले तेव्हा एक कर्मचारी भिंतीकडे बघत शांत बसला होता आणि त्याच्या मागे एक बाई जीभ दातांत धरून बटणं दाबत होती.

दुसऱ्यांदा आवाज भरायला गेलो तेव्हा ती थंड खोली भरलेली होती. हिरव्या केळ्यांचे क्रेट छतापर्यंत, काही घड पिवळे व्हायला लागलेले. आम्ही तिघी मधल्या अरुंद वाटेत उभ्या राहिलो. आवाज केळ्यांत शिरून मऊ होऊन परत येत होता. मी म्हटलं, "हाऊ नंबर, हाऊ पासवर्ड कोणलेच सांगानं नही. आफिसवालाले नही, बँकवालाले नही. आन् माले बी सांगानं नही." शेवटच्या वाक्यावर मी जरा अडखळले. स्वतःच्याच दाराला आतून कडी लावल्यासारखं वाटलं. बाई म्हणाल्या, "परत घेऊ या का?" मग स्वतःच म्हणाल्या, "नको. असंच असू दे."

मैत्रिणीच्या सासूबाईंनी ते ऐकलं आणि मला विचारलं, "सोतावर बी इस्वास नही का व तुन्हा?"

त्यानंतर काही दिवसांनी मी फुईकडे गेले होते. तिचा फोन वाजला. हात मिरचीनं भरलेले म्हणून तिनं कोपरानं स्पीकर लावला. पलीकडे एक माणूस, शुद्ध मराठी, अगदी अदबशीर.

"नमस्कार आई, कर कार्यालयातून बोलतोय. तुमच्या नावे नोटीस निघाली आहे. काळजी करू नका, मी आत्ताच थांबवतो. मोबाइलवर एक नंबर आला असेल, तेवढा सांगा."

फुईनं स्क्रीनकडे पाहिलं. नंबर खरंच आला होता. मी फोन घ्यायला उठले, तर तिनं मला डोळ्यांनीच खाली बसवलं.

"उना शे नंबर," ती म्हणाली.

"हो ना, मग सांगा, आई."

"मन्ही भाची सांगस, तिले बी सांगानं नही. तिले मी न्हानपनपाशीन वळखस. तुले ते मी देखेल बी नही. तुले कशी सांगू?"

पलीकडून फोन बंद झाला. मी हसायला लागले. फुई हसली नाही. तिनं पाणी मागितलं, मी पेला तिच्या ओठांशी धरला, कारण तिच्या बोटांना तिखट होतं. आम्ही केंद्रात कळवलं, पोलिसांच्या नंबरवरही कळवलं. सगळं झाल्यावर फुई पुन्हा देठं खुडायला लागली आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "त्याना आवाज बी गोडच व्हता व."

ते वाक्य मी बाईंना सांगितलं नाही. पण त्यानंतर माइक हातात आला की क्षणभर मला माझा आवाज बाहेरून ऐकू येतो.

पुढे होळीच्या आधी मी एका कामानं वर डोंगरात मोलगीला गेले होते. बाजाराचा दिवस. परतीच्या जीपमध्ये माणसं, पोती, कोंबड्या, सगळं एकमेकांच्या मांडीवर. डोंगर निळे होत मागे सरत होते आणि पळस नुकता पेटायला लागला होता. माझ्या समोर एक किराणा दुकानदार बसला होता, वरच्या पाड्यावरचा. वळणावर त्याच्या फोनला रेंज आली, त्यानं एक नंबर लावला आणि स्पीकरवर माझा आवाज सुरू झाला. जीपमधली माणसं गप्प होऊन ऐकायला लागली. मी पदर सारखा करून बाहेर बघत राहिले. माझाच आवाज मला सांगत होता, घाबरानं काम नही. आवाज संपला. त्यानं तो पुन्हा लावला. मग शेजाऱ्याशी पावरीत, डोंगरातल्या बोलीत, काहीतरी बोलला, आणि दोघंही मान हलवून हसले.

"कळलं का, दादा?" मी विचारलं.

शाळेतल्या मराठीत तो म्हणाला, "बाई चांगली बोलते. पण आमचं नाही बोलत."

मी म्हटलं नाही की ती बाई मीच. तेवढ्यात रेंज गेली, जीप उतारावर लागली आणि कोंबड्या पुन्हा बोलायला लागल्या.

हे मात्र मी अधिकारी बाईंना त्याच आठवड्यात सांगितलं. त्यांनी चौकशी केली आणि काठी गावाकडच्या एका आश्रमशाळेत शिकवणारी तरुण शिक्षिका शोधून काढली. पावरी ही तिची घरची बोली. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिच्या शाळेत गेलो. वर्ग रिकामा, कौलांतून उन्हाचे कवडसे, फळ्यावर अर्धवट पुसलेला पाढा. मी तिला माझा मजकूर वाचून दाखवला. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, यात एक गोष्ट नाही. आमच्याकडे रेंज टेकडीवर येते. माणूस चढून जातो, दम लागलेला असतो, आणि फोन आला की उभ्या-उभ्या, घाईत, जे विचारतील ते सांगून मोकळा होतो."

"मग काय घालू या?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"आधी खाली बसा, असं घालू. दम खा. नंबर पळून जात नाही. गेला तर दुसरा मागवता येतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ती खिडकीजवळ उभी राहून बोलायला लागली. मला त्यातले मोजकेच शब्द कळत होते. मोबाइल, नंबर, नोटीस. बाकीची भाषा पाण्यासारखी त्यांच्यामधून वाहत होती. ती आधी थोडी घाबरली, मग सावरली, आणि मग असं काही बोलायला लागली की जणू समोर तिची आईच दम खात बसली आहे. मी मागच्या बाकावर बसून होते, भिंतीला डोकं टेकून. बाहेर कुठेतरी पोरं होळीसाठी ढोल तापवून एकदोन थापा मारून बघत होती. तिनं मध्येच हात वर करून त्यांना थांबायला सांगितलं, ते थांबले, आणि ती पुढे बोलत राहिली.